एकखांबी तंबू

परवाच्या शनिवारी काहीही करायचं नाही असं ठरवून बसलो होतो. बाहेर पाऊस, हातात दुसरा चहा, ऑफिसचा लॅपटॉप मुद्दाम बॅगेतच ठेवलेला. पण सवय जात नाही ना! जँगोचं (पायथनवालं, सिनेमावालं नव्हे) एक जुनं पॅकेज शोधत होतो आणि गिटहबवर भलत्याच ठिकाणी जाऊन पडलो. प्रोजेक्टचं नाव 'आर्मस्ट्राँग'. बातम्यांच्या वेबसाईट चालवण्यासाठी लिहिलेली सिस्टिम. कोड बरा वाटला, पण कित्येक वर्षं कुणी हात लावलेला नाही. बनवणारे दोघं: 'टेक्सास ट्रिब्यून' आणि 'बे सिटिझन'. पहिलं नाव ऐकलं होतं, दुसरं कधीच नाही.

म्हटलं बघू तरी कोण आहेत हे. झालं... दुपार गेली, संध्याकाळ गेली, रविवारही त्यातच गेला. जे सापडलं ते तुम्हाला सांगावंसं वाटलं, म्हणून हा लेख.

आधी एक गंमत. जँगोचा जन्मसुद्धा वर्तमानपत्राच्या ऑफिसातला आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचं एक छोटं शहर आहे. तिथल्या 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' या पेपरात काम करणाऱ्या एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी २००३ मध्ये ते लिहायला घेतलं आणि २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. पेपरच्या डेडलाईन तासांच्या असतात, तेव्हा पानं झटपट उभी करणारं काहीतरी त्यांना हवं होतं. नाव दिलं जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टचं. नंतर आलेला आर्मस्ट्राँगही त्याच जॅझच्या घराण्यातला. म्हणजे आपण आज ज्यावर पोटं भरतो त्यातलं काही कुणाच्या तरी बातमीच्या घाईतून आलेलं आहे. असो, मुद्द्यावर येतो.

पेपर का आजारी पडले?

सॅन फ्रान्सिस्को आणि आजूबाजूच्या ओकलंड, बर्कली, सॅन होजे वगैरे गावांना मिळून बे एरिया म्हणतात. आपल्यातल्या प्रत्येकाचा किमान एक तरी मित्र तिथे असतोच. तिथला मोठा पेपर 'सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल'. २००० मध्ये तो हर्स्ट कंपनीने विकत घेतला. फेब्रुवारी २००९ मध्ये हर्स्टने जाहीर केलं की २००८ या एका वर्षात क्रॉनिकलला ५ कोटी डॉलरच्या वर तोटा झालाय, आणि खर्च आवाक्यात आला नाही तर पेपर विकू किंवा चक्क बंद करू. ही नुसती धमकी वाटण्यासारखे दिवस नव्हते. त्याच महिन्यात डेन्व्हरचा 'रॉकी माउंटन न्यूज' बंद पडला, आणि मार्चमध्ये सिॲटलच्या 'पोस्ट-इंटेलिजन्सर'ची छापील आवृत्ती थांबली.

कारण काय, तर आपण वाचक पेपरसाठी जे पैसे देतो त्यात पेपरचा खर्च कधीच निघत नव्हता. खर्च निघायचा जाहिरातींवर, आणि त्यातही छोट्या जाहिरातींवर. घर भाड्याने देणे आहे, जुनी गाडी विकणे आहे, टायपिस्ट पाहिजे... अशा चार चार ओळींवर पालिकेत बसणाऱ्या वार्ताहराचा पगार निघायचा. १९९५ मध्ये क्रेग न्यूमार्कने सॅन फ्रान्सिस्कोतच क्रेग्जलिस्ट सुरू केली आणि पुढे हे सगळं तिथे जवळजवळ फुकट व्हायला लागलं. यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. पण भाड्याच्या घराची जाहिरात निघून गेली आणि तिच्या मागोमाग वार्ताहरही गेला. या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या आहेत हे बहुतेकांना दोरी तुटल्यावरच कळलं.

बँजोवाले हेलमन

इथे आपल्या गोष्टीतला मुख्य माणूस येतो. वॉरन हेलमन. जन्म १९३४. यांचे पणजोबा आयझियस हेलमन हे कॅलिफोर्नियातले बडे बँकर. हे स्वतः लेहमन ब्रदर्सचे प्रेसिडेंट होते, आणि १९८४ मध्ये 'हेलमन अँड फ्रीडमन' ही गुंतवणूक कंपनी काढणाऱ्यांपैकी एक. पण या अब्जाधीश गृहस्थांचा खरा जीव बँजोत. स्वतःचा बँड होता, त्यात हे बँजो वाजवायचे. २००१ पासून त्यांनी गोल्डन गेट पार्कमध्ये दरवर्षी संगीत महोत्सव भरवायला सुरुवात केली, 'हार्डली स्ट्रिक्टली ब्लूग्रास'. तिकीट नाही, कुणीही यावं, हिरवळीवर बसावं आणि ऐकावं. सगळा खर्च हेलमन करणार. आपल्याकडचा एखादा उद्योगपती स्वतःच्या खिशातून मोकळ्या मैदानात तीन दिवस फुकट संगीत महोत्सव भरवतोय आणि मधूनच स्वतःही मंचावर जाऊन बसतोय अशी कल्पना करा. तसं काहीसं.

तर क्रॉनिकलची अवस्था बघून हेलमन अस्वस्थ झाले. शहराच्या कारभारावर लक्ष ठेवणारंच कुणी उरलं नाही तर कसं व्हायचं? सप्टेंबर २००९ मध्ये त्यांनी नवीन ना-नफा बातमी संस्था जाहीर केली आणि हेलमन कुटुंबाच्या फाउंडेशनमधून ५० लाख डॉलर दिले. सोबत होते बर्कली विद्यापीठाचं पत्रकारिता विद्यालय आणि 'केक्यूईडी' हे सार्वजनिक रेडिओ-टीव्ही केंद्र. त्यातलं केक्यूईडी सुरुवात व्हायच्या आधीच बाहेर पडलं. संपादक म्हणून जोनाथन वेबर आले, सीईओ म्हणून मॅकिन्झीतून आलेल्या लिसा फ्रेझर. मे २०१० मध्ये वेबसाईट सुरू झाली. नाव 'द बे सिटिझन'.

आता 'ना-नफा' या शब्दाबद्दल थोडं, कारण माझाही यात घोळ होता. ना-नफा म्हणजे पैसे कमवायचेच नाहीत असं नाही. कमवलेले पैसे मालकाच्या खिशात जाणार नाहीत, कारण मालकच नाही, एवढंच. अमेरिकेच्या करकायद्यातल्या ५०१(सी)(३) या कलमाखाली अशी संस्था नोंदवली की देणगीदाराला करात सूट मिळते. त्याबदल्यात संस्थेने निवडणुकीत कुठल्याही उमेदवाराला पाठिंबा द्यायचा नाही. तिथल्या पेपरांत निवडणुकीआधी 'आमच्या मते याला मत द्या' असा अग्रलेख लिहायची जुनी पद्धत आहे. बे सिटिझनला ते करता येणार नव्हतं. राजकारणाच्या बातम्या द्यायच्या, पण बाजू घ्यायची नाही. मला वाटतं ही अट वाईट नाही.

काम कसं होतं?

काम चांगलं होतं, हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना गैरसमज नको. पालिका, पोलीस, शाळा, पर्यावरण, निवडणुका... सगळीकडे माणसं होती. पोलिसांकडच्या नोंदी मिळवून सायकलचे अपघात शहरात नेमके कुठे कुठे होतात याचा नकाशा त्यांनी केला. आज आपल्याला यात विशेष वाटणार नाही, पण तेव्हा वाटायचं. नोव्हेंबर २०११ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या महापौरपदाची निवडणूक झाली. तब्बल १६ उमेदवार! तिथे मतदाराने पहिली, दुसरी, तिसरी पसंती द्यायची असते. सगळ्यात कमी मतं असणाऱ्याला बाद करायचं, त्याची मतं पुढच्या पसंतीला वाटायची, परत मोजायचं, असं कुणाला तरी बहुमत मिळेपर्यंत. (अल्गोरिदम आवडणाऱ्यांनी घरी करून बघा, सोपं आहे :) ) असली निवडणूक लोकांना समजावून सांगायला कुणीतरी लागतंच. बे सिटिझनने युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्कोबरोबर मतचाचणीही घेतली. एड ली निवडून आले, शहराचे पहिले आशियाई वंशाचे महापौर.

आणि असा पहारा नसला की काय होतं, त्याचं उदाहरण त्याच कॅलिफोर्नियात, त्याच २०१० च्या जुलैमध्ये बाहेर आलं. लॉस एंजेलिसजवळ बेल नावाचं साधारण ३५-३६ हजार वस्तीचं गाव, कष्टकऱ्यांचं. 'लॉस एंजेलिस टाइम्स'च्या दोन वार्ताहरांनी शोधून काढलं की या गावाचा सिटी मॅनेजर वर्षाला जवळपास ८ लाख डॉलर पगार घेतोय. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला मिळतात ४ लाख! पगार वाढत वाढत तिथपर्यंत गेला, कारण पालिकेच्या बैठकीला नेमाने जाऊन बसणारा बातमीदारच उरला नव्हता. पुढे खटले झाले, त्या मॅनेजरला २०१४ मध्ये १२ वर्षांची शिक्षा झाली, आणि टाइम्सला पुलित्झर मिळालं. हे वाचलं आणि मला हेलमनची अस्वस्थता कळली. पालिकेची बैठक कंटाळवाणी असते, मान्य. पण त्या कंटाळ्याचे पगार द्यायचे कुणी, हा खरा प्रश्न आहे.

बे सिटिझनचं उत्तर चार पायांचं होतं. मोठे देणगीदार, छोटे सभासद, प्रायोजक, आणि बातम्या दुसऱ्यांना विकणं. यातला चौथा पाय फार झगमगीत होता. 'न्यूयॉर्क टाइम्स' २००९ पासून बे एरियासाठी शुक्रवारी आणि रविवारी खास पानं काढत होता, ती पानं जून २०१० पासून बे सिटिझन भरायला लागलं. नवीन संस्थेला असा बोर्ड दारावर लावायला मिळणं म्हणजे मोठीच गोष्ट. पण क्लायंट मोठा असला की काय होतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको. आठवड्यातून दोनदा, त्यांच्या वेळेत, त्यांच्या पद्धतीने डिलिव्हरी. शिकागोत अशीच 'शिकागो न्यूज कोऑपरेटिव्ह' नावाची संस्था टाइम्सची पानं भरायची. त्या पानांच्या पैशात खर्च काही भागला नाही आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये तिने काम थांबवलं.

आर्मस्ट्राँग याच दिवसांतला. नाइट फाउंडेशनने टेक्सास ट्रिब्यून आणि बे सिटिझनला मिळून ९,७५,००० डॉलर दिले, की तुमची सिस्टिम ओपन सोर्स करा, म्हणजे छोट्या छोट्या संस्थांना आयती मिळेल. २०११ मध्ये कोड बाहेर आला. हेतू अगदी उत्तम. पण बातमी संस्थांची अडचण सॉफ्टवेअरची होतीच कुठे?

डिसेंबर २०११

२०११ मध्ये वेबर बाहेर पडले, फ्रेझरही बाहेर पडल्या. वॉशिंग्टन पोस्टमधून आलेले पुलित्झरविजेते स्टीव्ह फायनारू यांनी संपादकाची जबाबदारी घेतली. आणि १८ डिसेंबर २०११ ला वॉरन हेलमन ल्युकेमियाच्या आजारात वारले. वय ७७.

आपल्या धंद्यात 'बस फॅक्टर' नावाचा एक शब्द आहे. टीममधली किती माणसं उद्या बसखाली आली तर प्रोजेक्ट बंद पडेल? उत्तर 'एक' असेल तर मॅनेजरने झोपू नये. बे सिटिझनचा बस फॅक्टर एक होता. मराठीत यासाठी फार जुना आणि नेमका शब्द आहे, एकखांबी तंबू. बाकीचे देणगीदार होते, सभासदही होते, नाही असं नाही. पण कापड त्या एकाच खांबावर ताणलेलं होतं.

दोन महिन्यांच्या आत, फेब्रुवारी २०१२ मध्ये, 'सेंटर फॉर इन्व्हेस्टिगेटिव्ह रिपोर्टिंग' या संस्थेत विलीन होण्याची चर्चा जाहीर झाली आणि मार्चमध्ये ती पक्की झाली. ही १९७७ ची जुनी, शोधपत्रकारिता करणारी संस्था. रोजच्या बातम्या हे काही तिचं काम नव्हे. न्यूयॉर्क टाइम्सबरोबरचा करार २०१२ मध्येच संपला. बे सिटिझन हे नाव काही महिने राहिलं आणि २०१३ मध्ये तेही मोठ्या संस्थेच्या नावात मिसळून गेलं. (त्या मोठ्या संस्थेचंही २०२४ मध्ये 'मदर जोन्स' मासिकाबरोबर विलीनीकरण झालं. एका मोठ्या माशाच्या पोटात दुसरा मासा...) आपल्या भाषेत सांगायचं तर स्टार्टअप बुडाला नाही, अक्वायर झाला. पण त्या गावाची रोजची बातमी देणारं ते दुकान मात्र बंद झालं. मे २०१० ते २०१३. तीन वर्षं.

मग कोण टिकलं?

इथे सोपं उत्तर असं की श्रीमंत माणसाच्या पैशावर काही चालत नाही. मी रविवारी दुपारपर्यंत हेच लिहिणार होतो. पण मग लक्षात आलं की त्याच हेलमनचा तो फुकट संगीत महोत्सव अजून चालू आहे! २०२५ च्या ऑक्टोबरात त्याने पंचविशी गाठली. ज्या हिरवळीवर तो भरतो तिचं नाव आता 'हेलमन हॉलो' आहे. खांब तोच, पण एक तंबू उभा आणि एक पडला. असं का?

मला जे कळलं ते असं. महोत्सवासाठी हेलमननी आपल्या पश्चात पैशाची सोय करून ठेवली होती. महोत्सवाने स्वतःच्या पायावर उभं राहावं अशी कुणाची अपेक्षाच नव्हती, ती शहराला दिलेली भेट होती. बे सिटिझनला मात्र बीजभांडवल दिलं होतं. म्हणजे हा तुमचा रनवे, विमान उडवायचं तुम्ही. दोन्ही पैसे एकाच खिशातले, पण एक सांभाळायला दिलेला आणि दुसरा संपवून उडायला दिलेला. त्यात महोत्सवाचा खर्च वर्षातून एकदा, आणि बातमीदाराचा पगार दर महिन्याला. विमान उडायला किती वर्षं लागतील याचा अंदाज चुकला, आणि दीड वर्षात पैसे देणारा माणूसच गेला.

जे टिकले त्यांनी काय केलं तेही बघा. टेक्सास ट्रिब्यून नोव्हेंबर २००९ मध्ये, म्हणजे बे सिटिझनच्या सहाच महिने आधी सुरू झालं. तिथेही जॉन थॉर्नटन नावाचे श्रीमंत गुंतवणूकदार होते. पण त्यांनी विषय आवळून धरला, राज्याचं राजकारण आणि राज्याचा कारभार, बस. सरकारी कर्मचाऱ्यांच्या पगाराचा डेटाबेस लोकांसमोर ठेवला, तो लोकांनी तुफान बघितला. सभासद, प्रायोजक, आणि २०११ पासून दरवर्षी तिकीट लावून भरवलेला राजकारणाचा महोत्सव, असे बरेच खांब रोवले. त्यांनाही ऑगस्ट २०२३ मध्ये पहिल्यांदा ११ माणसं कमी करावी लागली, तेव्हा तिथेही सगळं गुलाबी नाही. पण २०२५ मध्ये थॉर्नटन वारले तेव्हा ट्रिब्यून कोसळलं नाही.

दुसरं उदाहरण तर बे एरियातलंच. बर्कलीत २००९ मध्ये तीन पत्रकारांनी 'बर्कलीसाईड' सुरू केलं. फक्त त्या एका गावापुरतं. ना ५० लाख, ना न्यूयॉर्क टाइम्स. २०१८ पर्यंत त्यांनी आपल्याच वाचकांना शेअर विकून १० लाख डॉलर उभे केले, ३५५ वाचकांकडून. २०१९ मध्ये ते ना-नफा झाले, पुढच्या वर्षी शेजारच्या ओकलंडसाठी दुसरी वेबसाईट काढली, आणि आजही चालू आहेत. ५० लाख देणारा एक, आणि १० लाख देणारे ३५५. आकडा पहिला मोठा आहे. पण त्या ३५५ पैकी चार गेले तरी दुसऱ्या दिवशी बातमी येते.

यावरून हेलमन चुकले असं म्हणायला माझी जीभ धजत नाही. ते पुढे आले नसते तर ती तीन वर्षंही झाली नसती. बर्कलीसाईडला मोठं व्हायला दहा वर्षं लागली, आणि २००९ मध्ये क्रॉनिकलचा तर उद्याचा भरवसा नव्हता. घाईत एकच खांब मिळाला तर माणूस तोच रोवणार. चूक असलीच तर ती उरलेल्यांची. त्या खांबाकडे बघून बाकीचं गाव निर्धास्त राहिलं, की चला, कुणीतरी बघतंय.

आणि इथे मला माझं आठवलं. मार्च २०२२ मध्ये पुणे महापालिकेची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या मतदानापर्यंत, म्हणजे जवळपास चार वर्षं, या एवढ्या मोठ्या शहरात निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता. कारभार प्रशासकाकडे. खरं सांगतो, मला हे पहिलं दीड-दोन वर्षं माहीतही नव्हतं. सोसायटीसमोरचा रस्ता तिसऱ्यांदा खणला तेव्हा नगरसेवक कोण आहे म्हणून शोधायला गेलो, तेव्हा कळलं की कुणीच नाही. हे सांगणाऱ्या बातम्या येतच होत्या. मीच वाचत नव्हतो, आणि पैसे तर अजिबातच देत नव्हतो.

घरी बाबा दर महिन्याच्या पाच तारखेला पेपरवाल्याच्या हातावर बिलाचे पैसे ठेवायचे, आणि आई रद्दी घालून त्यातले थोडे परत मिळवायची. जुन्या मासिकांत वाचकाला 'वर्गणीदार' म्हणायचे. गणपतीच्या वर्गणीतलीच ती वर्गणी. आता माझ्या कार्डावरून दर महिन्याला दोन ओटीटी, एक गाण्याचं ॲप आणि एक क्लाउड स्टोरेज कापलं जातं. बातमीसाठी कापली जाणारी रक्कम शनिवारपर्यंत शून्य होती.

रविवारी रात्री ती शून्य राहू दिली नाही. रक्कम सांगण्यासारखी नाही, एका पिझ्झाहून कमीच. असो... त्या जुन्या पॅकेजचं काम तसंच राहिलं, ते आता पुढच्या शनिवारी.